तांडेलाच्या टाकीवरचा दुसरा दिवा

माझ्या नवऱ्याचं नाव गुणाजी. पण आमच्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यात कोणी गुणाजी म्हणून हाक मारली तर तो वळूनसुद्धा बघणार नाही. तांडेल म्हणा, मग बघा कसा ताठ मानेने येतो. बोट ज्याच्या शब्दावर चालते तो तांडेल. आता आमची बोट धाकटा दीर सदा चालवतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मीसुद्धा तांडेलच म्हणते. रागात असले की "अवो तांडेल", आणि फारच रागात असले की नुसतं "अवो".

माणूस भला, पण हट्टी. इतका हट्टी की विचारू नका. लग्नानंतर पहिल्या दिवाळसणाला जावईबापू माझ्या माहेरी मुरुडला आले. आईने पहाटे उटणं कालवलं, पाट मांडला, रांगोळी घातली, आणि बघते तर जावई गायब! माझ्या भावाच्या होडीत बसून मासळीला गेलेला. दुपारी आला तो खवल्यांनी भरलेला, आणि वर आईला म्हणतो, "आंघोळ झाली की समुद्रावर." आई हसली. मी मात्र तेव्हाच ओळखलं की या माणसाला जमिनीवर बसवणं आपल्या बापाच्याने व्हायचं नाही.

आणि गेल्या वर्षी नेमकं तेच करायची वेळ आली. गणपतीनंतर बोटीवर असतानाच त्याच्या छातीत दुखलं. सदाने जाळं अर्धवट ओढून बोट वळवली. अलिबाग झालं, मुंबई झाली, छातीत स्प्रिंगा घातल्या. डॉक्टर म्हणाले, "हिंडाफिरा, बाजारात जा, नातवंडं खेळवा, पण बोट कायमची बंद. तिकडे लांब समुद्रात पुन्हा दुखलं तर किनाऱ्यावर येईपर्यंत काही उरायचं नाही." तांडेलाने मान हलवली. डॉक्टरांना वाटलं ऐकलं. मला तसं काही वाटलं नाही.

घरी आला आणि ओटीवर बसला. खाडीकडे तोंड करून, दिवसभर. जेवायला हाक मारली तर म्हणे भूक न्हाय. बोलायला गेलं तर म्हणे वारा फिरला. मी बाजारात मासळी विकते. टोपली डोक्यावर घेताना रोज वाटायचं, मागे वळले की हा धक्क्यावर पळणार. एकदा पळालाच. बाजारातून आले तर ओटी रिकामी. धक्क्यावर गेले तर हा बोटीच्या इंजिनाच्या खोलीत लपलेला! अख्ख्या बंदरासमोर दंडाला धरून खाली उतरवला मी त्याला. पोरं हसली. हसू देत. विधवा होण्यापेक्षा ते बरं.

माझा जीव असा टांगणीला लागलेला असताना आमचा ऋत्विक टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. ऋत्विक माझा मुलगा, उरणला कंटेनरच्या यार्डात कामाला. टेम्पोत काय, तर काचेची टाकी. तिकडे खोलीवर त्याने खाऱ्या पाण्यातले मासे आणि पोवळी पाळली होती. आता खोली बदलली, पाळ्या बदलल्या, बघायला वेळ नाही, म्हणून सगळा संसार आमच्या गळ्यात. मी कपाळावर हात मारला.

"कोळ्याच्या घरात मासे पाळतात का रे, मेल्या? आपण मासे विकतो, खातो. त्यांना खायला घालतो कुठे?"

"आई, बाबांसाठी आणलंय," तो हळूच म्हणाला. "बसून बसून वेडे होतील ते."

तांडेलाने पहिल्या दिवशी टाकीकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी मान वळवली. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर हा काचेला नाक लावून बसलेला, आणि मला म्हणतो, "या पाण्याला भरती न्हाय, ओहोटी न्हाय. कशी जगतात गो ही?" महिन्याभरात पहिल्यांदा तो माझ्याशी धड वाक्य बोलला होता. मी त्याच क्षणी टाकीला शिव्या द्यायच्या बंद केल्या. मनातल्या चालू ठेवल्या.

कारण बघा ना, तमाशाच होता सगळा. समुद्र आमच्या मागच्या दारापासून हाकेवर. पण टाकीत ते पाणी चालत नाही म्हणे, खाडीचं पाणी गढूळ, पावसाळ्यात गोडसर. मग फिल्टरचं पाणी आणायचं, त्यात पिशवीतलं विकतचं मीठ मोजून घालायचं, ढवळायचं, आणि घरात समुद्र तयार करायचा. शेजारची नीराबाई दारातून बघून पदर तोंडाला लावून हसली. "काय गो कोकिळा, दर्या आटला काय?" माझ्याच नवऱ्याने, ज्याच्या अंगातनं अख्खी जिंदगी मीठ गळलं, त्याने मीठ विकत आणलं होतं.

टाकीत दोन केशरी मासे, पांढऱ्या पट्ट्यांचे, आणि पोवळी. मला पोवळं म्हणजे मंगळसूत्रातला लाल मणी एवढंच माहीत. ही पोवळी जिवंत. त्यातलं एक मोठं, अळंबीसारखं, मांसल, आणि वरच्या छत्रीवर बारीक बारीक बोटं. उजेड लागला की बोटं बाहेर, अंधार पडला की आत. आपल्या समुद्रातलं पोवळं काढायला बंदी आहे. हे टाकीतच वाढवलेल्याचं पिल्लू, असं अलिबागच्या टाकीवाल्या दुकानदाराने, हर्षदने सांगितलं होतं. तांडेल त्या अळंबीच्या प्रेमात पडला. सकाळी दिवा लागला की बोटं उघडेपर्यंत चहा थांबवायचा. चहावर साय यायची, मी बडबडायची, तो ऐकायचा नाही. पण ओटीवर बसणं संपलं ते संपलंच. औषधं वेळेवर घेऊ लागला. रात्री झोपू लागला.

आता खरी गोष्ट.

जून उजाडला आणि ते पोवळं बिघडायला लागलं. छत्री फिकी पडली, देठ लांब झाला आणि एका बाजूला कलला. हर्षदला फोन केला. तो म्हणाला, तांडेल, टाकीवर एकच दिवा आहे आणि तो मधोमध उजेड पाडतो. ते पोवळं कडेला आहे, त्याला उजेड पुरत नाही, म्हणून ते उजेडाकडे ताणतंय. त्या बाजूला एक एलईडीची पट्टी वाढवा, निळी-पांढरी. पण एकदम पूर्ण जोरात लावू नका. आधी मंद, थोडाच वेळ, मग हळूहळू वाढवा. अंधारातल्या जीवाला एकदम ऊन सोसत नाही.

पट्टी आली. तांडेलाने ती स्वतः बसवली, लोखंडी पकड टाकीच्या काठाला आवळून, वर दांडा, दांड्याला पट्टी. बोटीवर सगळी वायरिंग त्यानेच केलेली, त्यामुळे हात सराईत. आणि नवल म्हणजे हर्षदने सांगितलं तसंच केलं! मंद ठेवला, वेळ लावून ठेवली, बटणाला मला हात लावू दिला नाही. माझा हा नवरा दुसऱ्याचं ऐकतोय बघून मी देवाला हात जोडले.

आठवडा गेला नाही तोच पोवळ्याने बोटं आत घेतली. उघडेचना. छत्री आक्रसली. मासे वर येऊन पाण्याच्या तोंडाशी धापा टाकायला लागले. पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं एक यंत्र असतं, त्याचा फेस बंद झाला. हर्षद म्हणाला, दिवा जास्त होतोय, कमी करा. कमी केला. दिवा वर उचला. उचलला. बंदच करून बघा. बंद केला. पोवळं आणखी आक्रसलं. यंत्र बिघडलं म्हणून उघडलं, धुतलं, पुन्हा लावलं. फेस नाही तो नाहीच. तांडेल चहा विसरला, जेवण विसरला, आणि एक दिवस उठून पुन्हा ओटीवर जाऊन बसला. खाडीकडे तोंड करून.



तेव्हाच सदा आला. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपत आली होती. धक्क्यावर बोटी ओढून रंगरंगोटी, तेलपाणी चाललेलं. नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला की बोटी सुटणार. सदाला माणूस कमी पडत होता. म्हणाला, "दादा, ये रे. काय करू नको, नुसता सुकाणूजवळ बस. तू असलास की पोरांना धीर येतो."

मी आतून ओरडले, "सदा, तुला अक्कल हाय का न्हाय? डॉक्टर काय बोलला ते विसरलास?"

तांडेल माझ्याकडे न बघता सदाला म्हणाला, "थोडं थांब. हे पोवळं जगलं तर मी घरात. मेलं तर पुनवेला मी बोटीवर." आणि वर मला ऐकू जाईल असं, "घरात करायचं तरी काय राहील मग?"

झालं! माझ्या नवऱ्याचा जीव आता एका अळंबीवर येऊन ठेपला. मी भांडले, रडले, ऋत्विकला फोन करून त्यालाही झापलं, "तुझी टाकी तुझ्या बापसाला घेऊन जाणार हाय!" तो बिचारा तिकडे घाबरला. मी टाकीसमोर उभी राहून त्या पोवळ्याला हात जोडले. खरं सांगते, लाज वाटली नाही. एकवीरेला जोडते, तसेच जोडले. म्हटलं, बाय, उघड गो. माझ्यासाठी उघड.

ते काही उघडलं नाही.

पुनव जवळ आली. एक दिवस बाजार लवकर आटपला, मी घरी आले तर तांडेल ओटीवर नाही. त्याची जुनी पिशवी खुंटीवर नाही.  पोवळं गेलंच असं धरून तो सदाला होकार द्यायला गेला असणार. मी धावत सुटणार, तेवढ्यात टाकीकडे नजर गेली. त्या मेल्या पोवळ्याला शेवटच्या चार शिव्या घालाव्यात म्हणून वाकले, एरवी मी इतकी जवळ कधी जात नाही, आणि वास आला.

मासळीबाजारात जन्म गेलाय माझा. डोळे बांधा, बांगडा कालचा की आजचा ते सांगते. हा वास मुशीच्या तेलाचा होता. मुशी माशाच्या काळजातून काढतात ते तेल. हल्ली सगळ्यांच्या फायबरच्या बोटी. आमची अजून लाकडाची, म्हणून पावसाळ्यात तिला हे तेल पाजतो. डबा मागच्या पडवीत असतो. पण त्याचा वास टाकीत? पाण्यावर बोट फिरवलं. बोट ओशट. तिरपं बघितलं तर पाण्यावर सगळीकडे तवंग, रंगीबेरंगी, कढीवर येतो तसा पातळ. वर बघितलं तर त्या नव्या दिव्याची पकड चकचकीत. स्क्रू, दांडा, सगळं तेलाने माखलेलं, आणि दांड्याच्या टोकाला एक थेंब लटकलेला.

मला एकदम सगळं कळलं. अहो, खाऱ्या पाण्यावर लोखंड टांगायचं आणि त्याला तेल लावायचं नाही, हे आमच्या तांडेलाच्या हाताला माहीतच नाही! बोटीवर एक खिळा त्याने कोरडा सोडला नाही कधी. तिकडे बोटीला तेल चाललेलं, डबा उघडा. याने सवयीने दिव्याच्या पकडीलाही फडकं मारलं असणार, आणि तेसुद्धा सढळ हाताने. दिवा गरम झाला की तेल पातळ, पातळ झालं की थेंब टाकीत. पाणी वरून झाकलं गेलं, माशांना श्वास मिळेना, फेस बसेना, पोवळं मिटलं. आणि हे शहाणे सगळे दिव्याच्या मागे लागलेले!

टोपली तशीच टाकून मी धक्क्याकडे धावले. पायात चप्पल होती की नव्हती आठवत नाही. सदाच्या बोटीजवळ तांडेल उभा, पिशवी खांद्याला, तोंड उघडून काहीतरी बोलणार.

"अवोऽऽ!" मी अशी ओरडले की बोटींना रंग लावणारी पोरं थांबली. "तोंड मिटा! एक शब्द बोलू नका सदाशी. दिव्याला तेल कोणी लावलं?"

"कंचं तेल?" तांडेल गोंधळला.

"मुशीचं! दिव्याच्या पकडीला! लावलंत का न्हाय?"

"लावलं. गंज धरेल ना."

"गंज धरेल! अवो, तुमची ती अळंबी तेलात बुडून मरतेय! काळजात गंज धरलाय तुमच्या!"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी लाल, मग पांढरा, आणि मग पिशवी सदाच्या अंगावर टाकून तांडेल चालायला लागला. डॉक्टरांनी धावू नका सांगितलेलं म्हणून मी त्याचा सदरा मागून धरून ठेवला होता. अशी वरात घरी आली आमची.

हर्षदला फोन लावला. तो आधी हसला, मग म्हणाला, "कागद पसरा पाण्यावर. तेल कागद उचलेल." मासळी गुंडाळायचा कोरा कागद माझ्याकडे ढीगभर. एक पसरायचा, अलगद उचलायचा, टाकायचा, दुसरा पसरायचा. मी पसरत होते, तांडेल उचलत होता. लग्नापासून इतकी वर्षं झाली, एका कामाला दोघं असे समोरासमोर आम्ही क्वचितच बसलो असू. पकड काढून बाहेर नेऊन गरम पाण्याने घासली, पुसून कोरडी केली. थोडं पाणी बदललं, उरलंसुरलं तेल शोषायला कोळशाची पिशवी पाण्यात सोडली. संध्याकाळी त्या यंत्रात पहिला फेस आला तेव्हा तांडेल असा ओरडला की नीराबाईला वाटलं त्याला पुन्हा दुखायला लागलं. ती बिचारी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

मासे खाली गेले. दिवा पुन्हा लागला, मंद. पण पोवळं मिटलेलंच. एक दिवस गेला, आणखी एक गेला. मी बाजारात गिऱ्हाइकाला सुरमई म्हणून घोळ मासा तोलला, इतकं माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

आणि पुनवेच्या आदल्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते तर तांडेलाची हाक आली. अगदी हळू, झोपलेलं पोर उठू नये अशी. "कोकिळा, ये गो." मी गेले. त्या छत्रीच्या काठावर, नव्या दिव्याच्या बाजूला, बारीक बारीक बोटं बाहेर आली होती. सगळी नाही, थोडीच. पाण्याबरोबर हलत होती. मी खाली बसले ती बसलेच. जिवात जीव आला म्हणतात ना, तो कुठून येतो हे त्या दिवशी कळलं, पायांच्या तळव्यातून येतो. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. चूल विझली, कोणी बघितलं नाही.

नारळी पुनवेला आम्ही सगळे धक्क्यावर गेलो. मिरवणूक, सोनेरी कागद लावलेला नारळ, बोटींना पताका. समुद्राला नारळ दिला. सदा बोटीवर चढला आणि हात पुढे करून म्हणाला, "दादा, अजून बोल. येतोस?"  पोवळं उघडलंय, शब्द दिलाय, तरी या माणसाचा काय भरवसा?

तांडेल म्हणाला, "न्हाय रे. दिवा अजून मंद हाय. रोज थोडा थोडा वाढवायचा असतो. मधेच सोडून कसा येऊ?"

सदा खट्टू झाला, पण गेला. बोटी खाडीच्या तोंडातून बाहेर पडल्या. लोक घरी परतले. आम्ही दोघंच थोडे मागे राहिलो, आणि मला राहवेना. समाधान झालं की गप्प बसावं, ते माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, "म्हणजे ते मेलं असतं तर खरंच गेला असतात? माझा, पोराचा काही विचार न्हाय?"

 तो समुद्राकडे न बघता, माझ्याकडे बघून म्हणाला, "मला जायचं नव्हतं गो. त्या दिवशी बोटीवर दुखलं ना, तेव्हापासून बोटीत पाय ठेवला की हात थरथरतात. पण तांडेल भ्याला, असं सदाला कसा सांगू? पोरांना कसा सांगू? टाकीचं सांगता येतं."

 एवढे महिने मी या माणसाला समुद्रापासून ओढत होते, आणि तो स्वतःच मागे सरकायला जागा शोधत होता. माझा सगळा राग कुठे गेला कळलं नाही. मी त्याचा हात धरला, भर धक्क्यावर, बघेनात का लोक. 

"पुढच्या वेळेला सदाने विचारलं," मी म्हटलं, "तर सरळ सांगा, बायको सोडत न्हाय. माझ्यावर ढकला. माझं काय, मी आहेच भांडखोर."

तांडेल हसला. म्हणाला, "ते तर मी सगळ्यांना कधीपासून सांगतोय."